लाइन आली, पण व्हीपीएन उठला नाही
घरचा सर्व्हर : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण वायरगार्ड या व्हीपीएनचा सर्व्हर पॉडमनच्या कंटेनरमध्ये चालवला, पण हाताने कमांड देऊन. यवतमाळ जिल्ह्यात असं फार दिवस निभत नाही. वळवाचा पाऊस आला की लाइन जाते, रात्री केव्हातरी येते, आणि तेव्हा ऑफिसात कोणी नसतं.

म्हणून हे काम सिस्टमडीकडे द्यायचं. लिनक्समध्ये कोणती सेवा कधी सुरू करायची, पडली तर पुन्हा कशी उठवायची, हे तोच बघतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॉडमनच्या ४.४ आवृत्तीत क्वाडलेट आलं आणि सगळं दहा-बारा ओळींच्या एका फाइलवर आलं. इमेज कोणती, ५१८२० हा यूडीपी पोर्ट, नेटवर्क हाताळायची परवानगी आणि चाव्यांचा फोल्डर एवढंच त्यात लिहायचं. मग ‘डीमन-रीलोड’ दिलं की सेवा तयार. तिला ‘एनेबल’ करायला जाऊ नका, एरर येईल. मशीनसोबत सुरू करण्याची सूचना फाइलमधल्याच ‘इन्स्टॉल’ भागात द्यायची असते. चाव्या मात्र कंटेनरच्या बाहेर, डिस्कवरच ठेवा. सेवा थांबली की क्वाडलेट कंटेनर काढून टाकतं. चाव्या आत असल्या तर त्याही जातात.

आता माझी चूक सांगतो. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी ही व्यवस्था लावून दिली होती. कापसाचा हंगाम, यवतमाळला बसलेला अकाउंटंट व्हीपीएनवरून तिथलं टॅली उघडायचा. एका सकाळी त्याचा फोन आला, ‘सर, लाइन रात्रीच आली, पण टॅली लागतच नाही.’ जाऊन पाहिलं तर सर्व्हर चालू, सेवा मेलेली.

लॉग वाचल्यावर उलगडा झाला. मी पोर्ट मशीनच्या आयपी पत्त्याला बांधला होता आणि तो पत्ता राउटर देत होता. लाइन आल्यावर सर्व्हर आधी उठला, राउटर मागाहून. पत्ताच नाही म्हणून कंटेनर लगेच पडला. सिस्टमडीने त्याला पुन्हा पुन्हा उठवलं, पण मुळात त्याची मर्यादा दहा सेकंदांत पाच वेळांची. ती संपली आणि त्याने नाद सोडला. राउटर तयार झाला तेव्हा उठवणारं कोणी उरलंच नव्हतं.

उपाय तीन ओळींचा निघाला: ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’, दोन प्रयत्नांत ३० सेकंदांचं अंतर, आणि प्रयत्नांची मर्यादा शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. पोर्टही पत्त्यापासून सोडवला. बायोसमध्ये वीज परतल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सोय असते, तीही लावून घ्या.

मी तपासलं होतं, नाही असं नाही. पण फक्त सर्व्हर रीबूट करून, राउटर चालू असताना. तुम्ही सर्व्हर आधी नीट बंद करा, मग बोर्डावरून त्याची आणि राउटरची लाइन एकदम काढा, एकदम द्या. पाच मिनिटं थांबा आणि मोबाइल डेटावरून व्हीपीएन जोडून पाहा.