हुकूमनामा हाती, मावेजा दूर

बीडहून परळीस आणि धारूरहून माजलगावास जाणाऱ्या वाटा तेलगावच्या चौकात एकमेकींस मिळतात. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या येथे थांबतात, तसे तारखेस निघालेले शेतकरीही थांबतात. बगलेत कापडी पिशवी, पिशवीत सातबारा, निवाड्याची नक्कल आणि वकिलाची चिठ्ठी असलेला मनुष्य ओळखावयास आम्हांस वेळ लागत नाही. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले; त्या पिशवीतील कागद कोणत्या टेबलावरून उठतो आणि कोणत्या टेबलावर जाऊन झोपतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आपल्या भागात भूसंपादन नवीन नाही. सिंदफणा नदीवरील माजलगावचे धरण 1987 साली पुरे झाले. पैठणच्या जायकवाडीचा उजवा कालवा त्यात पाणी आणून सोडतो. धरण, कालवे, चाऱ्या, गावोगावचे साठवण तलाव, पुढे रस्ते आणि रेल्वे या सर्वांस जमीन लागली. या पाण्याने ऊस उभा राहिला हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याची जमीन बुडाली तो एक आणि ज्याचा ऊस वाढला तो दुसरा, असेही पुष्कळ ठिकाणी घडले आहे.

1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याने निवाडा करावयाचा व तो अपुरा वाटल्यास शेतकऱ्याने कलम 18 खाली न्यायालयाकडे दाद मागावयाची, अशी रीत होती. 1 जानेवारी 2014 पासून नवा कायदा लागू झाला. त्यात दिलासा रकमेचे प्रमाण शेकडा 30 वरून शेकडा 100 झाले आणि कब्जा घेण्यापूर्वी मावेजा चुकता करण्याचे बंधनही आले. तथापि जुन्या कायद्याखालील वाढीव मावेज्याची प्रकरणे अजून संपलेली नाहीत, आणि आमचे आजचे बोलणे मुख्यत्वे त्यांजविषयी आहे. येथे शेतकरी दावा हरलेला नसतो. तो जिंकलेला असतो. हुकूमनामा त्याच्या हाती असतो, आणि तरीही रक्कम येत नाही.

दिवाणी कायद्याच्या कलम 82 प्रमाणे सरकारविरुद्ध झालेला हुकूमनामा तीन महिने अदा न झाल्यावाचून त्याची बजावणी मागता येत नाही. सरकारचा कारभार मोठा, त्यास अवधी हवा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हे तीन महिने कसे जातात ते पाहा. निकालाची नक्कल मिळवावयाची, सरकारी वकिलाचे मत मागवावयाचे, अपील करावे किंवा कसे हे वरच्या कचेरीस विचारावयाचे, ज्या खात्यासाठी जमीन घेतली त्याजकडे निधीची मागणी करावयाची. तेथून ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा येतो. त्रुटी म्हणजे बहुधा गटनंबरातील एक आकडा किंवा वारसाच्या नावातील वेलांटी. आमच्या हातूनही असे शेरे लिहिले गेले आहेत, हे येथे कबूल केलेले बरे. लिहिताना त्यामागे बसलेला मनुष्य दिसत नाही.

मुदत टळल्यावर अपील दाखल होते, सोबत विलंब माफीचा अर्ज आणि स्थगितीची मागणी. खाजगी इसमास स्थगितीसाठी जामीन मागतात. सरकारकडे तो मागता येत नाही. पूर्वी सरकारी विलंबाकडे न्यायालये सौम्य दृष्टीने पाहात. 2012 साली टपाल खात्याच्या एका प्रकरणात 427 दिवसांचा उशीर झाला होता. कागद टेबलावरून टेबलावर फिरत होता एवढे कारण पुरेसे नाही, मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो, असे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

पैसा नाही, हे उत्तर आमच्या मते सर्वांत लंगडे आहे. अंदाजपत्रक हाताळलेल्या प्रत्येक कारकुनास ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ हे दोन शब्द ठाऊक असतात. दत्तमत खर्चास विधिमंडळाचे मत लागते, भारित खर्चास लागत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 मध्ये भारित खर्चाची यादी आहे. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जाचे व्याज, आणि त्याच पंक्तीत न्यायालयाचा निकाल, हुकूमनामा किंवा निवाडा भागविण्यास लागणारी रक्कम! घटनाकारांनी या देण्यास एवढ्या मानाच्या जागी बसविले असता, ते कचेरीच्या दारात का ताटकळते? कारण भारित म्हटले तरी तरतूद कोणीतरी मागावी लागते, आणि मागणारा व देणारा निराळे असतात. भूसंपादन महसूल खात्याने करावयाचे, पैसा पाटबंधारे खात्याने किंवा महामंडळाने पाठवावयाचा. न्यायालयात मात्र नाव जिल्हाधिकाऱ्यांचे.

अमेरिकेत 1956 साली केंद्र सरकारवरील निकालांची रक्कम भागविण्यासाठी कायमची तरतूद करण्यात आली. आरंभी तीस रकमेची मर्यादा होती, ती पुढे उठली. आपल्याकडे निदान जिल्ह्यास असा एखादा राखीव निधी असण्यास काय हरकत आहे, हे आम्हांस समजत नाही.

या विलंबात सरकारचाही फायदा नाही. कब्जा घेतल्याच्या दिवसापासून वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी शेकडा 9 आणि पुढे शेकडा 15 दराने व्याज चढते, आणि 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दिलासा रकमेवरही द्यावे लागते. एक लाख रुपये वाढीव धरले तर शेकडा 30 दिलासा मिळवून 1,30,000 झाले. पहिल्या वर्षाचे व्याज 11,700, पुढील नऊ वर्षांचे दरसाल 19,500 प्रमाणे 1,75,500. म्हणजे दहा वर्षांत केवळ व्याजच 1,87,200. मुद्दलाहून व्याज जड झाले. शेतकऱ्यास हे लाभाचे वाटेल, पण व्याज सरळ आहे, चक्रवाढ नाही. आणि त्या दहा वर्षांत जमिनीचा भाव कोठे गेला हे ज्याने दुसरीकडे दोन एकर घेण्याचा प्रयत्न केला त्यास विचारावे.

शेवटचा उपाय जप्तीचा. दरखास्त चालते, वॉरंट निघते आणि बेलीफ कचेरीत येऊन खुर्च्या, संगणक, मोटार यांस हात घालतो. 2025 साली बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांची मोटार याच कारणाने जप्त झाली, हे वाचकांस आठवत असेल. लोक अशा वेळी टाळ्या वाजवितात. आम्हांस त्यात आनंद वाटत नाही. ज्याची मोटार जाते त्याच्या हाती निधी नसतो, आणि ज्याच्या हाती निधी असतो त्याची मोटार सुरक्षित राहते. तरी बेलीफ दारात आल्यावाचून धारिका हलत नाही, हेही आम्ही पाहिले आहे.

वाचकांपैकी ज्यांची प्रकरणे चालू आहेत त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. रक्कम अंशतः जमा झाली तर ती प्रथम व्याजास, मग खर्चास व शेवटी मुद्दलास वळती करण्याविषयी वकिलास विचारावे. तोच क्रम 2006 साली घटनापीठाने सांगितला आहे. शेजाऱ्याचा मावेजा न्यायालयाने वाढविला आणि आपण दावा केला नव्हता, तर जुन्या कायद्याचे कलम 28-अ किंवा नव्याचे 73 पाहावे. अर्जास मुदत तीन महिन्यांची आहे आणि ती कोणासाठी थांबत नाही. लोकअदालतीत तडजोड करण्यापूर्वी आपण व्याज किती सोडतो याचा आकडा मांडावा, कारण तेथील निवाड्यावर अपील नाही. दरखास्तीस बारा वर्षांची मुदत आहे म्हणून निजू नये. आणि घरातील कर्ता गेला तर वारसांची नावे सातबाऱ्यावर व न्यायालयात, दोन्हीकडे, विनाविलंब लावावी.

हे शेवटचे लिहिण्यास कारण घडले. गेल्या महिन्यात तेलगावच्या चौकात एक वृद्ध गृहस्थ भेटले.

‘‘तात्या, तारीख आज का?’’ आम्ही विचारले.

‘‘होय भाऊसाहेब. हुकूम वडिलांच्या नावचा. ते गेले. आता आमच्या नावातच चूक निघाली म्हणतात.’’

आम्ही कागद पाहिला. आजोबांचे नाव एका ठिकाणी ‘व्यंकट’ व दुसऱ्या ठिकाणी ‘व्यंकटी’ असे होते. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तेथेच हॉटेलच्या बाकावर बसून लिहून दिला. माजलगावची गाडी आली, आणि ते पिशवी सावरीत चढले.