सीलिॲक रोग

गहू, सातू (बार्ली) व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींच्या लहान आतड्याच्या श्लेष्मकलेला (बुळबुळीत अस्तराला) इजा होते व अन्नघटकांचे शोषण नीट होत नाही. या दीर्घकालीन विकाराला सीलिॲक रोग म्हणतात. ‘उदर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. जगातील सु. १ टक्का लोकांना हा रोग असावा, असा अंदाज आहे. भारतात गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भागात तो दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो.

इतिहास : ब्रिटिश वैद्य सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. आहारातील बदलानेच तो बरा होऊ शकेल, असे त्यांनी म्हटले होते. परंतु अपायकारक पदार्थ कोणता, हे त्यांना उमगले नव्हते. डच बालरोगतज्ञ विलेम कारेल डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला.

विकृती : निरोगी लहान आतड्यात सु. ०·५ ते १ मिमी. उंचीचे, बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात. त्यांच्यामुळे शोषणाचे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढते. ग्लुटेनातील ग्लायाडिनाचे पाचक एंझाइमांकडून पूर्ण विघटन होत नाही. त्याचे उरलेले तुकडे श्लेष्मकलेत शिरतात व तेथील ट्रान्सग्लुटामिनेज या एंझाइमामुळे त्यांत रासायनिक बदल होतो. ज्यांच्या कोशिकांवर एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही प्रथिने असतात, त्यांच्यात हे तुकडे लसीका कोशिकांना उद्दीपित करतात. त्यातून शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होऊन रसांकुर आखूड होतात व अखेरीस श्लेष्मकला जवळजवळ सपाट होते. ही प्रथिने असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना मात्र हा रोग होत नाही.

पचनावरील परिणाम : ग्लुटेनाचा संपर्क प्रथम ग्रहणीशी (लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाशी) येत असल्याने तेथे इजा सर्वाधिक होते. लोहाचे शोषण मुख्यतः याच भागात होते. म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पांडुरोग हे पुष्कळदा या रोगाचे एकमेव चिन्ह असते. वसेचे शोषण घटल्याने मल फिकट, तेलकट व दुर्गंधीयुक्त होतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कमी पडल्याने हाडे ठिसूळ बनतात. रसांकुरांवरील लॅक्टेज एंझाइम घटल्याने दूधही पचेनासे होते. मुलांमध्ये पोट फुगणे, अतिसार व वाढ खुंटणे ही लक्षणे दिसतात. प्रौढांमध्ये अतिसार नसूनही रोग असू शकतो.

निदान : रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडांची तपासणी करतात व अंतर्दर्शकाने ग्रहणीतील ऊतकाचे तुकडे घेऊन त्यांची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा करतात. तपासणीपूर्वीच गहू बंद केल्यास श्लेष्मकला सुधारू लागते व निदान चुकण्याचा संभव असतो. जंतुसंसर्ग, उष्ण प्रदेशीय स्प्रू इ. विकारांतही रसांकुर आखूड होतात. म्हणून केवळ ऊतकाच्या स्वरूपावर विसंबता येत नाही. रुग्णाच्या आईवडिलांची, भावंडांची व मुलांची तपासणी करणे इष्ट असते.

उपचार : ग्लुटेन आजन्म वर्ज्य करणे हाच मुख्य उपचार होय. पोळी, पाव, रवा, मैदा व शेवया टाळाव्या लागतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका व डाळी निर्धोक असल्याने महाराष्ट्रातील पारंपरिक भाकरीचा आहार अशा रुग्णांना सोयीचा ठरतो. मात्र गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते; बाजारी हिंगातही पुष्कळदा कणीक वा मैदा असतो. अशी अल्प मात्राही इजा चालू ठेवण्यास पुरेशी असते. पथ्य काटेकोर पाळल्यास लक्षणे बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. रसांकुर पूर्ववत होण्यास मात्र काही महिने ते वर्षे लागतात व प्रौढांत ते कधीकधी अपुरेच राहतात. बरे वाटू लागल्यावर पथ्य सोडल्यास विकृती पुन्हा उद्भवते. उपचाराविना राहिलेल्या रोगात लहान आतड्याच्या लसीका-अर्बुदाचा (एक प्रकारच्या कर्करोगाचा) धोका वाढतो. तथापि तो क्वचितच उद्भवतो.