फिलाडेल्फिया : एका घंटेचें शहर

परदेशांतील मोठ्या शहरीं गेलेला प्रवासी बहुधा प्रेक्षणीय स्थळांची यादी हातीं घेऊन निघतो आणि यादींतील एकेक नांव खोडीत संध्याकाळीं मुक्कामावर परततो. जेथें राजवाडे, मनोरे व कमानी डोळ्यांत भरण्यासाठींच बांधलेल्या असतात, तेथें ही पद्धति पुरते. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं मात्र ती पुरत नाहीं. त्या शहरांतील सर्वांत प्रसिद्ध वास्तु म्हणजे लाल विटांची एक मध्यम आकाराची कचेरी आहे. आणि सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे तडा गेलेली, कधींच न वाजणारी एक घंटा आहे. ह्या साध्या वस्तूंना एवढें मोल कसें आलें, आणि तें कोणीं आणलें, हें ठाऊक असल्याखेरीज त्यांचें दर्शन व्यर्थ होय. म्हणून, श्रोतेहो, आजच्या भाषणांत त्या शहरांतील निवडक स्थळांची ओळख ह्या दृष्टीनें करून देण्याचा माझा विचार आहे.

शहराचा जुना भाग डेलावेअर आणि स्कूलकिल ह्या दोन नद्यांच्या मधल्या सपाट भूमीवर वसलेला आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्यानें १६८१ सालीं विल्यम पेन ह्यास अमेरिकेंत एक विस्तीर्ण प्रदेश सनदेनें दिला. पेन हा क्वेकर पंथाचा. आपल्या धर्ममतांपायीं त्यानें स्वदेशीं तुरुंगवास भोगलेला होता. १६८२ सालीं त्यानें ह्या नगराची आंखणी करविली, आणि बंधुप्रेम असा अर्थ असलेलें ग्रीक नांव त्यास दिलें. लंडनच्या १६६६ सालच्या अग्निप्रलयाची आठवण ताजी होती. म्हणून रस्ते रुंद व सरळ आणि मधून मधून मोकळे चौक अशी योजना त्यानें केली. चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशीं झाडांचीं नांवें धारण करणारे रस्ते पूर्वपश्चिम जातात, आणि त्यांना छेदणाऱ्या दक्षिणोत्तर रस्त्यांना अनुक्रमांक आहेत. त्यामुळें नवखा माणूसही येथें सहसा वाट चुकत नाहीं. मात्र बंधुप्रेमाचें नांव देणाऱ्या ह्या सत्पुरुषाच्या पदरीं गुलामही होते, हें येथेंच सांगून ठेवलें पाहिजे. कारण शब्द आणि आचरण ह्यांतील हें अंतर पुढें प्रत्येक स्थळीं आपणांस भेटणार आहे.

आरंभ करावा तो चेस्टनट रस्त्यावरील इंडिपेन्डन्स हॉलपासून. ह्या इमारतीच्या बांधकामास १७३२ सालीं सुरुवात झाली, आणि ती पेन्सिल्व्हेनिया वसाहतीच्या विधिमंडळासाठीं असल्यामुळें तिला स्टेट हाऊस म्हणत. तळमजल्यावर मध्यें रुंद दालन, एका बाजूस न्यायकचेरी व दुसऱ्या बाजूस सभागृह, एवढीच तिची रचना. ह्या सभागृहांत जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींनीं २ जुलै १७७६ रोजीं ब्रिटनशीं असलेला संबंध तोडण्याचा ठराव केला, ४ जुलैस स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, आणि ८ जुलैस तो बाहेरच्या आवारांत लोकांपुढें वाचून दाखविण्यांत आला. पुढें १७८७ च्या उन्हाळ्यांत, दारें-खिडक्या लावून, ह्याच खोलींत अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. अध्यक्षस्थानीं जॉर्ज वॉशिंग्टन होते. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. वादविवाद चालू असतां हा सूर्य उगवता कीं मावळता ह्याचा उलगडा वृद्ध बेंजामिन फ्रॅंकलिन ह्यांस होत नसे. राज्यघटनेवर सह्या होतांना मात्र तो उगवताच असल्याची आपली खात्री झाली, असें ते म्हणाले. ती खुर्ची आजही तेथें पाहावयास मिळते. त्याच राज्यघटनेंत प्रतिनिधींची संख्या ठरवितांना गुलामांची गणना तीनपंचमांश धरलेली होती, हेंही खुर्चीकडे पाहतांना ध्यानीं असावें.

ही वास्तु आज जागतिक वारसा म्हणून गणली जाते. तो मान तिला १९७९ सालीं मिळाला. परंतु तिच्यावर ओढवलेला प्रसंग थोड्यांनाच ठाऊक असतो. राज्याची राजधानी दुसरीकडे गेली, आणि १८१६ सालीं राज्यसरकारनें तिच्या आवाराचे तुकडे पाडून ते घरांसाठीं विकण्याचें ठरविलें. त्या वेळीं जाहीरनाम्यास अवघीं चाळीस वर्षें झालेलीं होतीं. फिलाडेल्फिया नगरानें सत्तर हजार डॉलर मोजून ती जागा विकत घेतली, म्हणून ती राहिली. सभागृहांतील मूळचें लाकूडकाम तोंवर काढून टाकलेलें होतें. आज दिसतें तें पुढील पिढ्यांनीं जुने दाखले तपासून पुन्हा बसविलेलें आहे. आणखी एक गोष्ट. पळून आलेल्या गुलामांना धन्याच्या स्वाधीन करण्याचा कठोर कायदा १८५० सालीं झाल्यावर, त्याखालील सुनावण्या ह्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होत असत. खालच्या खोलींत सर्व मनुष्यें समान असल्याचा उद्‌घोष झाला, आणि वरच्या खोलींत माणसें परत गुलामगिरींत पाठविण्यांत आलीं. दोन्हींमध्यें अंतर केवळ एका जिन्याचें होतें.

रस्ता ओलांडला कीं समोरच्या भवनांत सुप्रसिद्ध लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्यघंटा, ठेवलेली आहे. ती १७५१ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल येथील कारखान्याकडून मागविण्यांत आली. देशांतील सर्व रहिवाशांना मुक्ततेची द्वाही फिरवावी, अशा अर्थाचें बायबलांतील वचन तिच्यावर ओतलेलें आहे. ती आली, टांगली, आणि पहिल्याच टोल्यास तडकली. तेव्हां पास आणि स्टो ह्या दोन स्थानिक ओताऱ्यांनीं ती वितळवून नव्यानें ओतली. परंतु तांबें अधिक पडल्यानें नाद बद्द निघाला, म्हणून त्यांनीं ती पुन्हा ओतली. तीच ही घंटा. वजन सुमारें ९४३ किलो.

तिच्या तड्याविषयींही थोडें सांगण्यासारखें आहे. प्रेक्षकाच्या नजरेस जी रुंद भेग पडते, ती वस्तुतः दुरुस्तीची खूण आहे. मूळचा तडा बारीक होता. त्याच्या कडा परस्परांवर घासून कंप पावूं नयेत म्हणून १८४६ सालीं कारागिरांनीं तो मुद्दाम रुंद केला. वॉशिंग्टन ह्यांच्या जयंतीस ती वाजविण्यांत आली, आणि त्या भेगेच्या टोकापासून वर दुसरा केसासारखा तडा गेला. तेव्हांपासून घंटा मुकी आहे. ४ जुलै १७७६ रोजीं तिनें स्वातंत्र्याची वार्ता दुमदुमविली, ही कथा सर्वश्रुत आहे. पण ती जॉर्ज लिपर्ड नांवाच्या लेखकानें १८४७ सालीं लिहिलेली कल्पित गोष्ट होय.

मग हिला स्वातंत्र्यघंटा म्हणूं लागलें कोण? १८२८ सालीं तर नगरानें ती नव्या घंटेच्या व्यवहारांत चारशें डॉलरांच्या मोडीच्या भावानें देऊन टाकली होती. उतरवून नेण्याचा खर्च मोडीच्या किमतीहून भारी पडेल म्हणून घेणाऱ्यानें ती जागची हलविली नाहीं. तिचें हें नांव १८३० नंतरच्या दशकांत रूढ केलें तें गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळींनीं. घंटेवरील वचनांत ‘सर्व’ असा शब्द आहे, आणि देशांत तर लक्षावधि माणसें बेड्यांत आहेत, हें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे राज्यकर्त्यांनीं जिला मोडींत काढलें, तिला वंचितांच्या कैवाऱ्यांनीं अर्थ दिला. पुढें मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनींही हाच मार्ग धरला. त्यांनीं १९१५ सालीं हिच्याच धर्तीची दुसरी घंटा ओतविली, तिचा लोलक सांखळीनें बांधून ती पेन्सिल्व्हेनियाच्या गांवोगांवीं फिरविली, आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळाल्यावर, सप्टेंबर १९२० मध्यें, इंडिपेन्डन्स हॉलच्या आवारांत ती प्रथम वाजविली.

घंटाभवनाच्या दारापुढेंच एका नाहींशा झालेल्या घराची जागा आहे. फिलाडेल्फिया ही १७९० ते १८०० पर्यंत देशाची राजधानी होती, आणि ह्या घरीं वॉशिंग्टन व त्यांच्या मागून जॉन ॲडम्स हे दोन अध्यक्ष राहिले. वॉशिंग्टन ह्यांच्याबरोबर येथें नऊ गुलाम होते. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणें परप्रांतीय धन्याचा गुलाम तेथें सहा महिने सलग राहिला तर त्यास मुक्ततेचा हक्क मिळे. म्हणून मुदत भरण्यापूर्वींच त्यांना प्रांताबाहेर नेऊन परत आणण्याची तजवीज करण्यांत येई. त्यांपैकीं ओनी जज नांवाची तरुण दासी, मे १७९६ मध्यें, घरची मंडळी भोजनास बसलेली असतां, दाराबाहेर पडली आणि जहाजानें न्यू हॅम्पशायरला निघून गेली. वॉशिंग्टन ह्यांनीं तिला परत आणण्याचा प्रयत्न केला. ती आली नाहीं. १८४८ सालीं, गरिबींत, परंतु कोणाची दासी न होतां, ती वारली. तें घर १८३२ सालीं पाडण्यांत आलें. नागरिकांनीं, विशेषतः कृष्णवर्णीय नागरिकांनीं, बराच काळ आग्रह धरल्यावर २०१० सालीं त्या जागीं स्मारक झालें आणि त्या नऊ जणांचीं नांवें दगडांत कोरलीं गेलीं.

येथून सहाव्या रस्त्यानें दक्षिणेस थोडें चालत गेलें कीं लोंबार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर मदर बेथेल हें चर्च लागतें. रिचर्ड ॲलन हा जन्मानें गुलाम. स्वतःच्या कष्टाच्या पैशांनीं त्यानें आपलें स्वातंत्र्य विकत घेतलें होतें. गोऱ्यांच्या प्रार्थनामंदिरांत मिळालेली अपमानाची वागणूक सहन न होऊन त्यानें १७९४ सालीं ह्या जागीं स्वतंत्र मंदिर स्थापन केलें. त्याच्या आदल्याच वर्षीं नगरांत पीतज्वराची सांथ येऊन सुमारें पांच हजार माणसें दगावलीं होतीं. सांपत्तिक स्थिति बरी असलेले लोक पळून गेले असतां, ॲलन व ॲब्सलम जोन्स ह्यांच्या नेतृत्वाखालीं कृष्णवर्णीयांनीं रोग्यांची शुश्रूषा केली आणि मृतांना मूठमाती दिली. आजची इमारत त्या जागेवरील चौथी आहे, पण जमीन तीच आहे.

इतर स्थळांचा उल्लेख संक्षेपानें करतों. फ्रॅंकलिन ह्यांचें घर १८१२ सालीं पाडलें गेलें. त्याच्या जागीं १९७६ सालीं पोलादी चौकटींनीं घराची केवळ बाह्यरेषा उभी केलेली आहे, आणि जमिनींतील झरोक्यांतून मूळचा पाया पाहतां येतो. एल्फ्रेथ्स ॲली हा अठराव्या शतकांतील कारागिरांच्या बत्तीस घरांचा अरुंद बोळ असून तेथें अद्याप कुटुंबें नांदत आहेत. नगरभवन १९०१ सालीं पुरें झालें. पुतळ्यासह उंची ५४८ फूट असून शिखरावर पेनची मूर्ति आहे. त्या मूर्तीच्या टोपीहून उंच इमारत बांधूं नये, हा अलिखित संकेत शहरानें १९८७ पर्यंत पाळला. १८२९ सालीं उघडलेल्या ईस्टर्न स्टेट कारागृहांत कैद्याला पश्चात्ताप व्हावा म्हणून पूर्ण एकांतांत ठेवीत. हेतु चांगला असूनही ती यातनाच ठरली. हें कारागृह १९७१ सालीं बंद झालें आणि आतां प्रेक्षकांस खुलें आहे. कलासंग्रहालयाच्या पायऱ्या चित्रपटामुळें जगप्रसिद्ध झाल्या. परंतु आंत मदुरेच्या मदनगोपाल स्वामी मंदिराचा सोळाव्या शतकांतील कोरीव स्तंभांचा मंडप उभा आहे. एका अमेरिकन स्त्रीनें १९१२ सालीं ते खांब मदुरेस खरेदी केले होते. परक्या भूमीवर त्यांच्या मधून चालतांना भारतीय मनास अभिमान वाटावा कीं खंत, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

शेवटीं अशा एका जागेविषयीं, जिचें नांव कोणत्याही यादींत सांपडत नाहीं. स्त्रियांना डॉक्टरीची पदवी देण्यासाठीं ह्या नगरांत १८५० सालीं एक वैद्यकीय महाविद्यालय निघालें. १८६५ सालीं कल्याण येथें जन्मलेल्या आनंदीबाई जोशी तेथें १८८३ सालीं दाखल झाल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजीं एम. डी. झाल्या. तो सोहळा पाहण्यास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय आनंदीबाईंनीं प्रबंधासाठीं निवडला होता. कोल्हापुरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयानें शरीर पोखरलें होतें, आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें, बाविसावें वर्षही पुरें न होतां, पुण्यास त्यांचा अंत झाला. महाविद्यालयाची ती इमारत आतां नाहीं. तेथील दप्तरखान्यांत १८८५ सालचें एक छायाचित्र मात्र जपलेलें आहे : नऊवारी लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, शेजारीं जपानी पोषाखांतील केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली.

ह्या तिघींपैकीं एकीच्याही देशांतील स्त्रियांचा विचार १७७६ च्या त्या सभागृहांत कोणाच्या मनांत आला नसेल. ओनी जजचा किंवा रिचर्ड ॲलनचाही आला नव्हता. परंतु घंटेवरील ‘सर्व’ हा शब्द ह्या माणसांनीं खरा मानला, आणि जेथें त्यांना स्थान नव्हतें तेथें तें मिळविलें. फिलाडेल्फियास जाण्याचा योग ज्यांस येईल त्यांनीं ती घंटा अवश्य पाहावी; आणि बाहेर पडल्यावर ज्या जागीं आतां कांहींच उभें नाहीं, तेथेंही क्षणभर थांबावें.