संगणकाच्या कोठीतली शिस्त

आपण फोनवर एखादी फाइल उघडतो, तेव्हा तिची नोंद ठेवायला कर्नलला थोडी मेमरी लागते. कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. सगळ्या प्रोग्रॅमना मेमरी वाटून देणारा कोठीवाला हाच. पण स्वतःच्या नोंदींसाठी त्यालाही जागा हवी असते आणि ती वारंवार. फाइल बंद झाली की नोंद रद्द, पुन्हा उघडली की पुन्हा नोंद.

अडचण अशी, की मेमरी मिळते पानांच्या हिशेबात. एक पान बहुधा 4,096 बाइटचं आणि नोंद, समजा, 600 बाइटची. 512, 1,024 अशा दुपटीच्या मापांत पान कापलं, तर 600च्या नोंदीसाठी 1,024 बाइट जातात. पानात चारच नोंदी मावतात. लिनक्समध्ये कर्नलची ही मेमरी डिस्कवर हलवून ठेवता येत नाही. वाया गेली ती गेलीच.

सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जेफ बॉनविक यांनी 1994 मध्ये यावर ‘स्लॅब’ पद्धत मांडली. सोलॅरिस 2.4 या कार्यप्रणालीसाठी ती तयार झाली होती. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी वेगळा साठा ठेवायचा. साठ्यातल्या एका तुकड्याला म्हणायचं स्लॅब. त्यात नेमक्या मापाचे कप्पे आधीच पाडलेले. आपल्या उदाहरणात आता पानात सहा नोंदी बसतात.

पण जागेची बचत हा या युक्तीचा अर्धाच भाग. बॉनविक यांचं निरीक्षण असं, की पुष्कळदा जागा मिळवण्यापेक्षा ती नोंद मांडण्यात आणि मोडण्यातच जास्त वेळ जातो. मंगल कार्यालयात एक पंगत उठली की टेबलं घडी घालून कोणी गोदामात नेत नाही. पुसून पुढची पंगत बसवतात. तसंच इथे. मोकळा झालेला कप्पा न मोडता, मांडलेल्या अवस्थेतच राहू द्यायचा. मेमरीची चणचण भासली, तरच पूर्ण रिकामे स्लॅब परत करायचे. (लिनक्समध्ये मांडणी राखण्याची ही सोय आज मोजक्याच ठिकाणी वापरतात. नेमक्या मापाचे कप्पे मात्र सर्रास.)

लिनक्सने ही पद्धत उचलली. पण मोठ्या, अनेक प्रोसेसरांच्या यंत्रांवर साठ्यांचा हिशेब ठेवायलाच बरीच मेमरी जाऊ लागली. म्हणून 2007 मध्ये क्रिस्टोफ लॅमेटर यांची ‘स्लब’ ही सुटसुटीत आवृत्ती आली. जुनी ‘स्लॅब’ आवृत्ती 2024 मध्ये लिनक्स 6.8 मधून काढून टाकली गेली. अँड्रॉइड फोन लिनक्सवरच चालतात, तेव्हा हा मामला आपल्या खिशातलाही आहे.

आणि त्यात धोकाही आहे. नुकताच मोकळा झालेला कप्पा बहुधा लगेच दुसऱ्याला मिळतो. प्रोसेसरच्या जवळच्या मेमरीत तो अजून ताजा असतो, म्हणून हे वेगाला चांगलं. पण कर्नलच्या एखाद्या सदोष भागाने जुना पत्ता जपून ठेवला असेल, तर? हल्लेखोर नेमका तोच कप्पा मिळवून त्यात आपला मजकूर भरतो आणि कर्नल तो खरा मानून चालतो. दुसऱ्या एका प्रकारच्या, म्हणजे कप्प्याची हद्द ओलांडून शेजारच्या कप्प्यात लिहिणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध नव्या स्लॅबमधल्या मोकळ्या कप्प्यांचा क्रम मुद्दाम विस्कटण्याची सोय लिनक्समध्ये 2016 मध्ये आली. हल्ला त्याने अशक्य होत नाही. पुढचा कप्पा कोणता मिळेल, हे ओळखणं तेवढं अवघड होतं.