वस्तऱ्याला धार कशी लावायची? दगड, चामडं आणि मोबाइलचा टॉर्च

सलूनमध्ये हल्ली आपण ज्याला वस्तरा म्हणतो, तो बहुतेक वेळा नुसता ब्लेडचा होल्डर असतो. त्यात अर्धं ब्लेड अडकवायचं, एक दाढी झाली की फेकून द्यायचं. सलूनसाठी हेच योग्य आहे, कारण एकच पातं दोघांच्या गालावर फिरलं तर हिपॅटायटिस बी किंवा सी यांसारखे रक्तातून पसरणारे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

पण आजोबांच्या ट्रंकेत सापडतो तो जाड पाठीचा, घडीचा, खरा वस्तरा. रील्स बघून तो बाहेर काढणारी बरीच मुलं आमच्या डहाणूत मला दिसतात. अडचण अशी, की बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. बोथट असला की आपण दाबतो, आणि दाबलं की केसाऐवजी कातडी कापली जाते. शिवाय चुकीच्या पद्धतीने घासलेलं पोलाद परत येत नाही. आजोबांची वस्तू एका दुपारीत कायमची वाया जाऊ शकते. म्हणून मी हे काम तलासरीकडच्या एका वयस्कर नाभिक काकांच्या शेजारी बसून शिकलो. तेच आज सोपं करून सांगतो.

विळ्याची धार वेगळी, वस्तऱ्याची वेगळी

आपला भाग विळ्या-कोयत्याचा. 1945 च्या वारल्यांच्या लढ्यातली एक मोठी मागणी गवत कापणीच्या मजुरीची होती, इतकं इथलं जगणं विळ्याशी बांधलेलं. त्यामुळे दगडावर धार लावताना आपण लहानपणापासून बघतो. पण तो हात वस्तऱ्याला चालत नाही. विळ्याची धार थोडी खरबरीत असली तरी बिघडत नाही, उलट गवत पकडायला तिची मदतच होते. वस्तऱ्याची खरबरीत धार मात्र गालावर करवतीसारखी ओढत जाते. जळजळ आणि लाल पुरळ यायचं ते एक मोठं कारण.

दुसरा फरक कोनाचा. विळा किती तिरपा धरायचा हे आपला हात ठरवतो. वस्तऱ्यात ते पाठ ठरवते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची, की कोन आपोआप जमतो. समजा पाठ 4.5 मिमी जाड आणि पातं 16 मिमी रुंद आहे, तर धारेचा कोन सुमारे 16 अंश येतो. म्हणजे कोन मोजायचं यंत्र पात्यातच बसवलेलं आहे. पाठ दगडावरून उचलली की सगळं बिघडलं, एवढं लक्षात ठेवा.

काय काय लागेल?

• 1000, 4000 आणि 8000 नंबरचे पाण्याचे दगड. नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. 1000 चे कण साधारण 14 मायक्रॉनचे, 8000 चे एक-दोन मायक्रॉनच्या आसपास.
• चामड्याचा सपाट पट्टा.
• पाणी, स्वच्छ फडकं, शिवणयंत्राचं तेल.
• मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा.

आधी पातं तपासा. धारेला चीर असेल किंवा गंज धारेपर्यंत खोल गेला असेल, तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा, गालाला लावू नका.

धार लावायच्या पायऱ्या

1. दगड सपाट करा. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगड त्यावर घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला.

2. 1000 नंबरवर पाया तयार करा. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवा. धार पुढे ठेवून, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढताय असा सरकवा. पातं बहुतेकदा दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, म्हणून सरकवताना ते थोडं तिरकं ओढा, म्हणजे टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाईल. टोकाला आलात की पाठीवर उलटवा, धारेवर कधीच नाही. मग दुसऱ्या बाजूने परत या. दोन्ही बाजूंना सारखे हात द्यायचे.

इथे काकांचं एकच वाक्य: "दाबू नको, दगडालाच काम करू दे." वस्तऱ्याच्या वजनापेक्षा किंचित जास्त जोर पुरतो. जास्त दाबलं तर पातळ धार वाकते.

3. तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. टॉर्च लावा, धार वर करून तिच्याकडे सरळ बघा. जिथे पांढरी चमक दिसते तिथे धार नाही, कारण बोथट जागा छोट्या आरशासारखा प्रकाश परत फेकते. सगळी धार काळोखी दिसायला हवी. मग हातावरचे केस कापून बघा, पात्याच्या प्रत्येक भागाने. एक भाग जरी अडला तरी 1000 वरच थांबा. बहुतेकांची गडबड इथेच होते. पाया कच्चा असला तर पुढचे दगड बोथट धारेला फक्त चकाकी देतात.

4. 4000, मग 8000. हात तोच, जोर कमी कमी. आधीच्या दगडाचे ओरखडे जाऊन नवे बारीक ओरखडे सगळीकडे सारखे दिसले की पुढचा दगड. दगड बदलताना पातं धुवा, नाहीतर जाड कण बारीक दगडावर जातात.

5. चामड्यावर फिरवा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ठेवली तर चामडं कापलं जाईल. पट्टा ताणून धरा, नाहीतर धार गोल होते. 40 ते 50 फेऱ्या, आणि सुरुवातीला अगदी सावकाश. रीलमधला वेग अनेक वर्षांच्या सवयीचा असतो.

मोबाइलचा कॅमेरा कुठपर्यंत उपयोगी?

मॅक्रो मोडमध्ये ओरखडे आणि मोठे टवके दिसतात. पण प्रत्यक्ष धार दिसत नाही. चांगली धार एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. म्हणून फोटो झूम करत बसण्यापेक्षा टॉर्चची चमक जास्त खरं सांगते. सोनाराचं 10 पट भिंग मिळालं तर उत्तमच.

एवढं पोलाद नुसत्या केसांनी बोथट कसं होतं? 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो. तरीही तो वाकून तिरका कापला जात असेल आणि नेमक्या त्या जागी पोलादाची आतली घडण एकसारखी नसेल, तर धारेचा बारीक टवका उडतो.

गालावर लावताना

केस कोमट पाण्याने तीन मिनिटं भिजवा. ओले केस मऊ होतात, कमी जोरात कापले जातात. फेस लावा, कातडी दुसऱ्या हाताने ताणा, वस्तरा गालाशी साधारण 30 अंशात धरा आणि केसांच्या दिशेने न्या. पहिले काही आठवडे फक्त गाल करा. गळा आणि हनुवटी नेहमीच्या रेझरने. वस्तरा ओढतोय असं वाटलं तर थांबा आणि परत चामड्यावर जा. मुरमं असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर हा प्रयोग नकोच.

दाढी झाल्यावर पातं धुऊन पूर्ण कोरडं करा आणि तेलाचा पातळ हात द्या. डहाणूच्या खाऱ्या हवेत जुन्या पोलादाला एका रात्रीतही गंजाचा ठिपका येऊ शकतो. वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.

दर दाढीआधी चामडं, आणि काही महिन्यांनी ओढायला लागला की थोडे हात 8000 वर. एवढं सांभाळलंत तर 1000 चा दगड परत काढायची वेळ सहसा येत नाही. प्रत्येक घासणीत थोडं पोलाद जातं, त्यामुळे जितकं कमी घासाल तितका आजोबांचा वस्तरा जास्त वर्षं चालेल.