पाण्याखालची नोकरी आणि आजींचं ‘समाधान’

ताईचं सासर धारवाडचं. घरात कन्नड, माहेरी बेळगावला आली की मराठी. तिचा धाकटा पहिल्यापासून थंड डोक्याचा. ‘ह्याला कशाचं काही वाटतच नाही बघ,’ ही ताईची कायमची तक्रार. तो सातवीत असताना त्याचा चुलत भाऊ मळ्यातल्या विहिरीत घसरला. आम्ही मोठी माणसं काठावर नुसती ओरडत होतो. यानं रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीला बांधून खाली सोडला आणि ‘धरून ठेव’ एवढंच सांगितलं.

यंदा बारावी झाल्यावर म्हणतो, ‘मामा, मला कमर्शियल डायव्हर व्हायचंय.’ ताईनं रडून घर डोक्यावर घेतलं. चौकशीचं काम माझ्याकडे आलं.

आधी आम्ही दोघं मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर गेलो, पाण्यात उतरलो. माझ्या मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं आणि मी श्वास कोंडून वर निघालो. प्रशिक्षकानं खांदा धरून थांबवलं म्हणून बरं. कोंडलेली हवा वर येताना फुगते, फुप्फुस फाटू शकतं. हे त्यानं होडीतच बजावलं होतं, पण घाबरल्यावर आठवतं कुणाला? भाचा शेजारी मासे मोजत होता.

ही झाली हौस. धंद्याचं काम निराळं. मुंबई हायसारखं तेलक्षेत्र, बंदरं, धरणं इथं डायव्हर वेल्डिंग करतात, नट आवळतात, पाइप तपासतात. गढूळ पाण्यात तर नुसत्या स्पर्शावर. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. फार खोल काम असेल तर माणसं जहाजावरच्या दाबाच्या खोलीत कित्येक दिवस राहतात आणि हेलियम मिसळलेला वायू घेतात. ९० मीटरवरचं काम संपलं तरी बाहेर यायला साधारण चार दिवस लागतात. घरी काहीही होवो, तोवर दार उघडत नाही. हे ताईला कसं सांगायचं, याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर समुद्रात ख्रिस लेमन्स या डायव्हरची वायूची नळीच तुटली. जहाज वाहवत गेलेलं, सुमारे ९० मीटर खोल, काळोख, पाठीवरच्या राखीव बाटलीत पाचेक मिनिटांचा वायू. तो चाचपडत तळावरच्या लोखंडी सांगाड्याशी परतला, शोधणाऱ्यांना दिसावं म्हणून त्याच्या माथ्यावर चढला आणि तिथंच पडून राहिला. साथीदारानं अर्ध्या तासाहून जास्त वेळानं त्याला वर आणलं. तो वाचला, यात नशिबाचाही भाग होताच.

पालकांनी फीपेक्षा आधी प्रमाणपत्र विचारावं. हौशी स्कूबाचं कार्ड इथं चालत नाही. ब्रिटनची एचएसई, ऑस्ट्रेलियाची एडास अशी मान्यता लागते. वय १८ पूर्ण हवं, आणि कान-फुप्फुसांची वैद्यकीय तपासणी पुढंही दरवर्षी.

हे सगळं मी धारवाडला सांगितलं. ताई गप्प. तिच्या सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, ‘अवनिगे समाधान ऐती, होगली.’ आपल्या मराठीत समाधान म्हणजे तृप्ती, कन्नडात धीर, शांतपणा. त्याच्याकडे तो आहे, जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं.

तपासणी पुढच्या सोमवारी आहे. ताईही येणार म्हणते.