खाजनाचे बांध आणि चढता समुद्र

मांडवी व झुआरी या नद्यांच्या काठी, जेथून समुद्र दृष्टीसही पडत नाही अशा गावांतील पुष्कळशी भातशेती भरतीच्या पातळीखाली आहे. गोव्यातील ही सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन बांध व मानशी यांच्या आधारे टिकून राहिली. मानशीचे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीस शेतातील पाण्याच्या दाबाने उघडते.

उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2015 या काळात दरवर्षी सरासरी 3.3 मिलिमीटरने वाढली. हा आकडा क्षुल्लक भासेल. परंतु दार उघडण्यासाठी नदीचे पाणी शेतातील पाण्याहून खाली जावे लागते. ओहोटीचीच पातळी उंचावली, म्हणजे निचऱ्याचा अवधी घटतो व पावसाचे पाणी शेतात तुंबते. बांध शाबूत असूनही पीक कुजते.

वादळाची गोष्ट वेगळी. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो. वाऱ्याने लोटलेले पाणी त्यात मिळते. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळ गोव्यात न धडकता किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले, तरी त्याचा तडाखा येथे बसलाच. असे वादळ उधाणाच्या भरतीशी जुळले, तर बांधाची खरी कसोटी लागते. बांधास खिंडार पडून शेतात शिरलेले खारे पाणी बाहेर काढता येते. मातीतील क्षार धुऊन निघण्यास मात्र पावसाळ्यांमागून पावसाळे लागतात. खारेपणा सोसणारे कोरगुट भातही नित्य भरतीत तग धरीत नाही. पडीक शेतात कांदळवन वाढते, त्यास कायद्याचे संरक्षण मिळते, आणि तेथे पुन्हा नांगर घालणे दुष्कर होते.

तथापि प्रत्येक खिंडाराचा दोष समुद्रावर ढकलणे हे सोयीचे असले तरी खरे नव्हे. बार्जींच्या लाटा, खेकड्यांची बिळे, रखडलेली डागडुजी, मासळीसाठी अवेळी उघडी ठेवलेली मानस ही कारणेही तितकीच जुनी आहेत. म्हणून अभ्यासकास मुरगाव बंदरातील भरतीमापकाच्या नोंदी पुरत नाहीत. बांधाच्या माथ्याची उंची, मातीचा खारेपणा, खिंडार पडल्याचा व बुजविल्याचा दिवस, हे सर्व गावोगाव टिपावे लागते. मानशीजवळ खुणा केलेला खांब रोवून पाण्याची पातळी शाळेतील मुलेही नोंदवू शकतील. नोंदीसोबत वेळ व तिथी मात्र अवश्य लिहावी. त्यावाचून ते पाणी उधाणाचे की वादळाचे, हे सांगता येत नाही.